अहो, गोपी ठिपक्यांच्या आहेत!

घरात भिंग आहे का? असेल तर घ्या आणि पुण्याजवळच्या मांजरीला या! शेजारच्या काकूंच्या देवघरालगत गोपीवस्त्रहरणाची जुनी तसबीर आहे. येता-जाता पाहिलेली! पण काल काकूंनी ती पुसायला खाली काढली, मी सहज भिंग धरलं आणि मग काय सांगू! गोपींची कांती म्हणजे नुसते ठिपके! गुलाबी ठिपके, पिवळसर ठिपके, कोपराच्या खळीत तपकिरी ठिपके! भिंग काढलं की यमुनेत उभ्या बायका, लावलं की ठिपके!

खाली बारीक इंग्रजी अक्षरं: रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. म्हणजे आपल्या लोणावळा लोकलवरची मळवली! राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि मग तो मळवलीला आला आणि तिथे फाळक्यांनी काम केलं, हो, 1913च्या ‘राजा हरिश्चंद्र’चे दादासाहेब फाळके!

मला चित्रकलेतलं काही कळत नाही, पण अशी चित्रं ज्या शिळाछापाने छापत, त्याची गंमत ऐकाच! गुळगुळीत चुनखडीचा दगड, थेट जर्मनीचा. त्यावर तेलकट शाईने चित्र काढायचं, दगड पाण्याने ओला करायचा आणि मग शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागेला शाई धरतच नाही, चित्रावरच बसते! आणि रंगागणिक वेगळा दगड! कागद जरा सरकला की ओठांचा लाल रंग गालावर! आणि दर छपाईआधी दगड पुन्हा ओला! म्हणजे गोपींचं स्नान छापायला आधी दगडाला आंघोळ! हे सुचलं आणि मला बसवेचना!

आणि कृष्ण झाडावर आहे म्हणूनच या बायका देवघराशेजारी आल्या बरं! नुसती न्हाणारी बाई छापली असती तर तिला त्या काळच्या सासूबाईंनी उंबरा ओलांडू दिला असता? देवाची गोष्ट म्हटल्यावर भिंतीवर मानाने जागा!

आता हे बघा, इथे, फांदीवर! लटकवलेल्या लुगड्यांवर कुणीतरी खऱ्या टिकल्या चिकटवल्यात! काठाला खरी जर! एवढ्याशा लुगड्याला! गोपी अजून पाण्यातच, पण त्यांची लुगडी मात्र लग्नाला निघाल्यासारखी!

तुमच्याही जुन्या घरात अशी तसबीर असेल. समासातली अक्षरं वाचा! मळवलीची निघेल किंवा आपल्या पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याची, 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी उभी केलेली! चित्रशाळेची निघाली तर आधी मला सांगा, मी असेन तशी निघते!