एक सही

कॉलेजात असताना एक ईमेल फॉरवर्ड आला होता. बर्फावर सीलचं पांढरंशुभ्र पिल्लू, काळेभोर डोळे आणि खाली 'ही हत्या थांबवा'. मी लगेच सही ठोकली, वीस जणांना मेल पुढे पाठवला आणि निवांत झोपलो.

गेल्या शनिवारी 'अँग्री इनुक' हा माहितीपट पाहिला. २०१६ सालचा, अलेथिया अर्नाकुक-बारिल या इनुइट बाईंनी केलेला. पाहताना ती सही आठवली आणि जरा ओशाळायला झालं.

म्हणजे बघा, ती पांढरी पिल्लं हार्प सीलची. त्यांची व्यापारी शिकार व्हायची ती कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर. उत्तरेकडचे इनुइट मारतात ते मुख्यतः रिंग्ड सील, आणि तेही खाण्यासाठी. मांस घराघरांत वाटलं जातं. कातड्याचे बूट, कपडे होतात. पूर्वी चरबीच्या तेलावर दगडी दिवा जळायचा. 'कुलिक' म्हणतात त्याला. उजेड, ऊब, स्वयंपाक, सगळं त्यावरच. जिथे झाडसुद्धा उगवत नाही, तिथे शेती कुठून करणार?

पण खरी गोम पुढेच आहे. आता शिकारीला स्नोमोबाईल लागते, पेट्रोल लागतं, काडतुसं लागतात. हा खर्च निघायचा कातडी विकून. १९८३ मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांची आयात बंद केली. इनुइटांच्या शिकारीला सूट होती, कागदावर. पण गिऱ्हाइकाला सीलचं कातडंच नकोसं झालं आणि भाव कोसळले. २००९ मध्ये युरोपीय संघाने जवळपास सगळ्याच सील-मालावर बंदी आणली. सूट पुन्हा होतीच, पण घेणारं कोण उरलं होतं? कातडं विकलं नाही की पेट्रोल नाही, पेट्रोल नाही की मांस नाही. मग दुकानातलं, लांबून आलेलं महागडं अन्न घ्यायचं!

आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. एका ठिकाणचा बग फिक्स केला की दुसरीकडे भलतंच काहीतरी बंद पडतं. फरक इतकाच, की आम्हाला रोलबॅक करता येतं.

मला अजूनही ते पिल्लू बघवत नाही, खोटं कशाला बोलू? पण त्या फोटोत माणसं कुठेच नव्हती, आणि ती कुठे असतील असा प्रश्नही मला पडला नव्हता.

२०१४ मध्ये ग्रीनपीस कॅनडाने आपल्या सीलविरोधी मोहिमेबद्दल इनुइटांची माफी मागितली. माझी सही मात्र कुठल्यातरी सर्व्हरवर अजून तशीच पडून असेल.