नख अडतंय

स्थळ पाहताना फोटोवर जाऊ नये, असे आपले वाडवडील सांगत आले आहेत. विमानाच्या प्लॅस्टिकच्या किटलाही ते शहाणपण तंतोतंत लागू पडते. खोक्यावर पाहावे तर ढग चिरीत जेट विमान झेपावते आहे. खोके उघडावे तर करड्या प्लॅस्टिकच्या चौकटीला लिंबोळ्यांसारखे लटकलेले तुकडे, पिवळी पडलेली चित्रे, आणि ते सगळे एकमेकांना चिकटवा म्हणून सांगणारा एक निर्विकार कागद! चिकटवावेत हे कबूल. पण त्या तुकड्यांनी आधी एकमेकांना भेटायला तरी हवे ना?

माझ्या भाच्याने इंग्लंडहून पाठवलेल्या किटमध्ये ते भेटत नव्हते. पंख धडाला लावून पाहिला, तर मधून पोस्टकार्ड जाईल एवढी फट. धडाच्या दोन फाकी जोडल्या, तर नाकापाशी एक वर आणि दुसरी खाली. एखाद्याने खोके पुन्हा बांधून माळ्यावर टाकले असते. पण विमान होते ‘नॅट’, आणि घरात होते अण्णा.

अण्णा माझे थोरले बंधू. वयाची ऐंशी उलटली आहे. तरुणपणी ते हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते आणि नॅटवर त्यांची उमेदीची वर्षे गेली. नॅट म्हणजे चिलट. इंग्लंडच्या फॉलंड कंपनीचे हे विमान पुढे बंगळूरच्या आपल्या कारखान्यात तयार होऊ लागले. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम बावीस फूट, उंची आठ फुटांच्या आसपास. आपल्याकडे साखर कारखान्याच्या वाटेवर उसाने भरलेली ट्रॉली त्याहून उंच असते! १९६५ च्या युद्धात या चिलटाने सेबर विमानांना असे सतावले, की त्याला सेबरचा काळ म्हणू लागले. शिडी न लावता, जमिनीवर उभे राहून त्याची बहुतेक कामे करता येत, हे अण्णा आजही घरच्या गुणी गाईचे वर्णन करावे तसे सांगतात.

त्यांनी खोक्यातले धड हातात घेतले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “हे आमचं न्हवं. ह्यात दोघं बसत्यात.”

खरेच होते ते. किट होते शिकाऊ वैमानिकांच्या नॅटचे : लांब नाक, मोठे पंख, मागेपुढे दोन आसने, तोफा नाहीत. लढाऊ नॅटमध्ये माणूस एकटा. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर बाँब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों उडाले, आणि सहा सेबरशी झुंजून पडले, ते अशाच एका आसनावरून. परमवीरचक्र मिळालेले हवाई दलातले ते आजवरचे एकमेव वीर. अण्णा त्या वेळी अंबाल्याला होते. त्या दिवसाबद्दल विचारले की ते एवढेच सांगतात, की आम्ही अंबाल्याला होतो. आणि पानाचा डबा उघडतात.

म्हणून आमचे ठरले. दोघांचे विमान एकट्याचे करायचे.

मापाचा हिशेब सोपा आहे. या किटमध्ये एक इंच म्हणजे सहा फूट. शिकाऊ विमानाचा पंखविस्तार चोवीस फूट, म्हणजे बरोबर चार इंच. लढाऊ नॅटचा पावणेचारलाही थोडा कमी. लांबीत तीन फुटांचे अंतर, म्हणजे अर्धा इंच. हा अर्धा इंच धडातून कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे असे सांधायचे, की मध्ये काही गेले होते हे विमानाला स्वतःलाही आठवू नये!

कोल्हापुरात अशा कामाला माणूस शोधावा लागत नाही. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा तयार केला. तेव्हा ‘विकत मिळत नाही’ ही आमच्याकडे सबब धरत नाहीत. शेजारचे मिस्त्री शिवाजी उद्यमनगरात जन्मभर फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करीत आले. त्यांनी दोन फाकी पाहिल्या आणि हसले. “पेटी सरकलीय,” ते म्हणाले. ओतकामात वरची आणि खालची पेटी नीट बसली नाही, की वस्तूचे दोन अर्धे असेच एकमेकांना चुकतात. प्लॅस्टिकचा साचा पोलादी असला तरी हजारो नग काढून तोही झिजतो, त्याच्या कडांतून पातळ पापुद्रे निघतात; आणि जाड भाग थंड होताना आक्रसला, की पाठीवर खळगा पडतो. परदेशी मालातही आपलेच दोष निघाले, याचा मिस्त्रींना झालेला आनंद लपत नव्हता.

त्यांनी सागवानाच्या तुकड्यावर एका माणसाची छोटी काच कोरून दिली. पाण्याच्या बाटलीचा तुकडा तापवून त्यावर ताणला. चौथ्या वेळी काच स्वच्छ उतरली. पंखाच्या फटीत जुन्या कार्डाची पट्टी बसवली, वर इन्स्टंट गोंद आणि टाल्कम पावडर यांची लांबी भरली. हे मिश्रण दगडासारखे होण्याआधी घासावे लागते. विमान शेपटीवर बसू नये म्हणून नाकात शिसे हवे होते. ते रंकाळ्यावर गळ टाकणाऱ्या एका मुलाने दिले. हवा घेणाऱ्या दोन तोंडांच्या कडेला तोफांची भोके पाडली. आता नॅटला दात आले!

अण्णांचे हात कापतात. कानस त्यांच्या हातात राहत नाही, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही बारीक रेघ दिसत नाही. पण त्यांच्या अंगठ्याचे नख शाबूत आहे. फिटरचे माप नखात असते, असे ते म्हणतात. डोळा फसतो, नख सांध्यावरून फिरवले की केसाएवढी पायरीही अडते. मी पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायचा, धड पुसून त्यांच्यापुढे धरायचे, आणि त्यांनी डोळे मिटून नख ओढायचे.

“अडतंय.”

पुन्हा लांबी, पुन्हा पेपर. चारशे नंबर, सहाशे, हजार. माझ्या डोळ्यांना सांधा केव्हाच नाहीसा झाला होता. एकदा मी म्हटले, “अण्णा, रंगाखाली कोणाला दिसतंय?” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “आत बसणाऱ्याला ठावं नसतं, कुणी घासलंय. तो नुसता बसतो आन् जातो.”

त्यानंतर मी तो प्रश्न विचारला नाही.

नवरात्रात उजवा पंख पास झाला. नख मुळापासून टोकापर्यंत पाण्यावरून गेल्यासारखे गेले. अण्णांनी ते पुन्हा दोनदा फिरवले, ते तपासणीसाठी नव्हे असे मला वाटले. रंगाचा वाद अजून बाकी आहे. नातवाला १९७१ चे हिरवे-करडे पट्टे हवेत, अण्णांना आधीचे उघड्या धातूचे चंदेरी. चंदेरी रंगात मात्र लहानसा ओरखडाही लपत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

डावा पंख काल रात्री दाखवला. बाहेर अंगणात मुले किल्ल्याची माती कालवत होती. अण्णांनी नख ओढले, मध्यावर थांबले, आणि विमान माझ्याकडे परत दिले.