चालते क्षेत्र

‘क्षेत्र’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आळंदी नाहीतर पंढरपूर उभे राहते. पण माझी भाची मानवशास्त्र शिकते आणि तिच्या शास्त्रात क्षेत्र म्हणजे जिथे मुक्काम ठोकून माणसे कशी जगतात ते पाहायचे, ती जागा. या क्षेत्राचे नामांकित वारकरी मालिनोव्स्की. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर १९१५ ते १९१८ या काळात ते दोनदा जाऊन राहिले. गावातच तंबू ठोकला, तिथली भाषा शिकले.

पण जागतिकीकरण हा काही तंबूपुढे येऊन बसणारा गृहस्थ नव्हे. कापूस एका देशात, शिलाई दुसऱ्यात आणि सदऱ्याचे गिऱ्हाईक तिसऱ्यात! तंबू ठोकावा कुठे? १९९५ साली जॉर्ज मार्कस या अमेरिकन अभ्यासकाने सांगितले की, वस्तू जाईल तिकडे जा, माणूस जाईल तिकडे जा. ॲना त्सिंगबाई मात्सुताके नावाच्या अळंबीमागे निघाल्या. ओरेगॉनच्या जंगलात ती वेचणाऱ्यांत लाओस-कंबोडियाहून आलेले निर्वासित, आणि तिचे शौकीन जपानात! २०१५ साली त्यांचे पुस्तक निघाले.

मराठी वाचकाला याचे फारसे नवल वाटू नये. आपल्या इरावतीबाई कर्वे वारीबरोबर चालल्या आणि एकाच विठ्ठलाचे नाव घेणारी माणसे जेवायला मात्र जातीजातींनी वेगळी बसतात, हे त्यांनी टिपले. क्षेत्राला जाणारी वाटच त्यांचे क्षेत्र झाली.

आमच्या घरचे जागतिकीकरण म्हणजे ह्यूस्टनला असलेला माझा धाकटा भाऊ. दर रविवारी त्याचा फोन येतो. “कसा आहेस?” “मजेत.” की संपले! भाची म्हणाली, “आजी, ‘कसा आहेस’ नको विचारूस. काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस, ते विचार.” जेम्स स्प्रॅडली यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात अशाच प्रश्नांची महती सांगितली आहे म्हणे.

आईने विचारले. आणि काय सांगू, फोन चाळीस मिनिटे चालला! पहाटे पुण्याच्या कचेरीशी बोलणे, सदऱ्यांना इस्त्री, डब्यातली कालचीच भाजी. संध्याकाळी कोथिंबीर आणायला तो एका व्हिएतनामी बाईंच्या दुकानात जातो. “त्या तुझी चौकशी करतात,” तो म्हणाला. “माझी? त्यांना मी काय ठाऊक?” मग कळले की, आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी हा त्या दुकानात अर्धा तास नुसता बसून होता. बाईंनी चहा दिला होता. आम्हांला तेव्हा त्याने फोनवर सांगितले होते, “मजेत.”

फोन ठेवल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही.

किती माल गेला, किती माणसे गेली, हे आकडे चोख सांगतात. गेलेला माणूस कुणाच्या दुकानात जाऊन बसतो, ते आकड्यांना कळत नाही. तिथे विचारायला माणूसच लागतो.

“हे लिहून काढ की,” मी भाचीला म्हटले. ती म्हणाली, “मामाला विचारल्याशिवाय? नाही हं! आमच्यात तसं चालत नाही.”

म्हणून हा लेख धाडण्यापूर्वी मी भावाची परवानगी घेतली. दुकानातल्या बाईंचे नावही विचारले. तो म्हणाला, “थांब दादा. आधी त्यांना विचारतो.”