पवित्र आत्म्याची सात दानं आणि एका ओम्नीची बाजू

आपल्या पॅरिशची ओम्नी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. रविवारच्या पहिल्या मिस्साला ज्यांना चालत येता येत नाही, अशा चार-पाच वडीलधाऱ्या मंडळींना ती घेऊन येते. ही गाडी कंपनीने २०१९ मध्ये बनवायचीच बंद केली. बेळगावचे पावसाळे खाऊन आमच्या ओम्नीच्या आतल्या बाजूंचं हार्डबोर्ड फुगलं होतं, कोपरे उकलले होते. मागच्या पावसाळ्यात एका आजींचा हात त्या उकललेल्या कोपऱ्याला लागला. म्हातारं कातडं, कागदासारखं फाटलं. त्या काही बोलल्या नाहीत, पदर गुंडाळून मिस्साला बसल्या. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी हात पुढे केला तेव्हा मला रक्त दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन उद्यमबागेत गेलो. फायबरमध्ये हव्या त्या आकाराची बाजू करून देणारा एक मुलगा आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं. पत्र्याची शेड, बाहेर दोन गाड्यांचे उघडे सांगाडे, आत नाकाला झोंबणारा रेझिनचा वास. मुलगा बाहेर आला आणि म्हणाला, "या की सर."

मी त्याला ओळखलं. त्यानेही मला ओळखलं होतंच. (त्याचं नाव इथे लिहीत नाही. बाकीचं सगळं त्याला विचारून लिहितोय.)

बारा वर्षांपूर्वी तो माझ्या दृढीकरणाच्या वर्गात होता. महागुरुस्वामी यायच्या आदल्या आठवड्यात मी तोंडी परीक्षा घेतली. पवित्र आत्म्याची सात दानं सांग, म्हटलं. त्याने तीन सांगितली, मग पुन्हा पहिलंच सांगितलं. तीस मुलं बसली होती, मागून कुणीतरी हसलं. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू." मला तेव्हा ते शिस्तीचं वाटलं होतं. पुढच्या वर्षी तो आला नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. त्याची आई मात्र दर रविवारी येत राहिली आणि मला "नमस्कार सर" म्हणत राहिली. तिच्याजवळ मी त्याची चौकशी एकदाही केली नाही.

त्याने ओम्नीत डोकं घातलं, फुगलेल्या हार्डबोर्डवर बोट दाबलं, हिशेब सांगितला. मग म्हणाला, "चर्चची गाडी आहे, मजुरी नको. साहित्य आणा, आणि हाताखाली माणूस लागेल."

"कोण माणूस?"

"तुम्ही या की."

मी कलाशाखेचा पदवीधर. घरात खिळा ठोकायचा झाला तरी बायको शेजाऱ्यांना हाक मारते. तरी सहा शनिवार मी त्या शेडमध्ये गेलो.

पहिल्या शनिवारी मी घरून चित्र काढून नेलं होतं. आजींची काठी ठेवायला सरकत्या दाराच्या आतल्या बाजूला एक खोल खिसा. मला ती कल्पना फार आवडली होती. त्याने चित्र पाहिलं, काही बोलला नाही. काठी म्हणून एक पाइप माझ्या हातात दिला आणि चित्रात खिसा होता तिथे दाराला टेकवून धरायला सांगितला. मग दार हळूहळू मागे सरकवलं. ओम्नीचं दार थोडं बाहेर येतं आणि गाडीच्या अंगाला घासतंय की काय इतकं जवळून मागे जातं. पाइप गाडीच्या पत्र्यावर आपटला. तो माझ्याकडे बघत राहिला. मीच म्हणालो, "खिसा दाराला नको. मागच्या बाकाशेजारच्या बाजूला हवा, ती हलत नाही." तो म्हणाला, "बरोबर." इतकंच.

मी असतो तर "चूक" म्हटलं असतं आणि कारणही मीच सांगून टाकलं असतं.

काम असं असतं. आधी जुनी बाजू काढून तिच्यावरून नवीन पाया कापायचा. जिथे फुगवटा किंवा खिसा हवा तिथे लाकडाच्या पट्ट्यांनी सांगाडा उभा करायचा. त्यावर फ्लीसचं कापड ताणून स्टेपल मारायचे. कापडाला सुरकुती राहिली तर ती पुढे दगड होते, म्हणून ताणण्यात अर्धा दिवस गेला तरी चालतो. मग ब्रशने रेझिन पाजायचं. कापड रेझिन पितं आणि वाळलं की टरफलासारखं कडक होतं. पण त्यात जोर नसतो. जोर येतो तो मागून. काचेच्या तंतूंच्या मॅटचे तुकडे मागच्या अंगाने एकावर एक बसवायचे, रेझिनने भिजवायचे आणि रोलर फिरवून आतली हवा काढायची. हवेचा एक बुडबुडा राहिला तर दिसत नाही, पण पुढे तिथूनच तडा जातो. मागची ही बाजू गाडीत बसली की कुणालाच दिसत नाही. तरी तिथेच तो सगळ्यात जास्त वेळ घ्यायचा, टॉर्च धरून.

रेझिन आपोआप वाळत नाही. आधी त्यात कोबाल्ट घालून चांगलं ढवळायचं, मग हार्डनर, तोही वजनाच्या एक ते दोन टक्केच. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो. म्हणून त्याच्याकडे त्या दोन बाटल्या शेडच्या दोन टोकांच्या फळ्यांवर असतात. ही एकच गोष्ट त्याने मला पाठ करायला लावली. तीनदा म्हणून घेतली. बाकी काहीच नाही.

दुसऱ्या शनिवारी मी शहाणपणा केला. नाताळच्या गोठ्यातला उरलेला थर्माकोल कोरून खिशाचा सुंदर आकार घरी करून नेला, रात्री एक वाजेपर्यंत बसून. त्याने तो फिरवून पाहिला, "छान कापलाय," म्हणाला, आणि कडेचा एक छोटा तुकडा तोडून माझ्यासमोर ठेवला. "यावर एक थेंब रेझिन टाकून बघा." टाकला. थर्माकोलला खड्डा पडला. बघता बघता साखर विरघळावी तसा तुकडा बसत गेला. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोलला खातं. माझा आकार मात्र वाचला. त्यावर सगळीकडे चिकटपट्टी गुंडाळली आणि तो साच्यासारखा वापरला.

तिसऱ्या शनिवारी पाऊस होता, हवा गार होती आणि रेझिन वाळेना. तो फोनवर बोलायला बाहेर गेला. मला संध्याकाळी जपमाळेला पोचायचं होतं. मी पुढच्या भांड्यात हार्डनर जरा जास्त टाकला. जरा म्हणजे बराच. पाच मिनिटांत भांड्यातलं रेझिन दह्यासारखं झालं, मग भांडं हाताला चटका देऊ लागलं, मग धूर निघाला. तो धावत आला, फळीवर भांडं उचलून बाहेर मोकळ्यावर नेऊन ठेवलं. आत आला. मी बोलणी खायला तयार उभा होतो.

त्याने विचारलं, "काय दिसलं?"

मी सांगितलं. आधी घट्ट झालं, मग तापलं, मग तडकलं.

"खोल भांड्यात उष्णता अडकते. पातळ पसरलं असतं तर इतकं तापलं नसतं. गार हवेत भांडं बदलू नये, थांबावं." मग हसून म्हणाला, "माझी पहिल्या वर्षी अशी तीन भांडी गेली. आमचे वस्ताद पण हेच विचारायचे, काय दिसलं. म्हणून दाखव असं कधी म्हणाले नाहीत."

तो हे मला उद्देशून बोलला की सहज, मला सांगता येणार नाही. त्याने लगेच नवीन भांडं घेतलं.

त्या रात्री झोप आली नाही. अंगाला काचेच्या तंतूंची खाजही होती. (पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, असं त्याने सांगितलं होतं. आणि खाजलं तर चोळू नका, गार पाण्याने धुवा. मी दोन्ही बाबतीत नापास.) उठून निर्गमाचं पुस्तक काढलं, एकतिसावा अध्याय. बसालेलबद्दल मी वर्गात कित्येकदा बोललोय. निवासमंडपाचं काम करणारा कारागीर, सोनं, चांदी, पितळ, लाकूड यांत काम करणारा. पण त्या रात्री वेगळंच दिसलं. देव त्याला आपल्या आत्म्याने भरतो, आणि तिथे शहाणपण, समज आणि ज्ञान यांची नावं येतात. आमच्या सात दानांतली ही तीन. यशया संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायातून आपण ती यादी शिकवतो, पण इथे तीच दानं एका कारागिराच्या हाताला दिलेली आहेत, लाकूड कोरायला आणि खडे बसवायला.

आणि मग पस्तिसाव्या अध्यायाच्या शेवटाकडे एक गोष्ट आहे, जिच्यावरून मी इतकी वर्षं डोळे फिरवत गेलो. बसालेलला आणि त्याच्या जोडीदार अहलियाबला देवाने दुसऱ्यांना शिकवायचीही बुद्धी दिली. मी स्वतःला धर्मशिक्षक म्हणवतो. ते वाक्य माझ्या पुस्तकात अधोरेखित नव्हतं.

त्या मुलाने मला बारा वर्षांपूर्वी कोणती तीन दानं सांगितली होती, हे आठवायचा मी फार प्रयत्न केला. आठवत नाही. मी ऐकतच नव्हतो, मोजत होतो.

पाचव्या शनिवारी आम्ही पुट्टी भरून घासत होतो. आधी ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, मग एकशेवीस, मग दोनशेवीस. डोळे मिटून तळहात फिरवायचा, कारण डोळ्याला न दिसणारी लाट हाताला कळते. मास्क लावून बोलणं सोपं होतं, म्हणून तेव्हाच बोललो. म्हटलं, दृढीकरणाच्या वेळी मी तुझ्याशी जे केलं ते चुकीचं होतं. तीस मुलांसमोर केलं, आणि नंतर घरी येऊन विचारलंही नाही. मला क्षमा कर.

त्याचा हात थांबला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, कडेला कमी घासा. रेक्झिनच्या जाडीला दोन मिलिमीटर सोडायचेत." मी कडेला कमी घासू लागलो. बऱ्याच वेळाने, पेपर बदलताना, म्हणाला, "आईला वाईट वाटलं होतं. तिने नवीन शर्ट शिवला होता."

मला शर्टाचं माहीत नव्हतं.

सहाव्या शनिवारी बाजू बसल्या. करडं रेक्झिन, गोल कोपरे, बाकाशेजारी काठीचा खिसा. चढताना धरायला हँडलही लावलं. ते मी फायबरलाच स्क्रू करायला निघालो होतो. त्याने फक्त विचारलं, "आजींचं वजन कोण घेणार?" मग आतल्या पत्र्यापर्यंत भोक पाडून बोल्ट बसवले.

जूनपासून दृढीकरणाचा नवा वर्ग सुरू होतोय. फादरांशी बोललोय. तोंडी परीक्षा यंदा नाही. सात दानं शिकवणार, पाठही करून घेणार, पण शेवटचा निकाल त्यावर नाही. दोन रविवार मुलांना कुठल्या ना कुठल्या हाताच्या कामाच्या ठिकाणी नेणार आहे. पहिलं ठिकाण त्याची शेड. वर्गात यायला तो तयार नाही, तसं त्याने स्पष्ट सांगितलं. शेडमध्ये चालेल म्हणाला, दहापेक्षा जास्त मुलं नकोत, आणि बाटल्या ठेवायच्या फळ्यांकडे कुणी जायचं नाही. त्याच्या स्वतःच्या संस्काराबद्दल मी विचारलेलं नाही. त्याच्या आईनेही मला काही विचारलेलं नाही, पण गेल्या रविवारी ओम्नीतून उतरताना तिने रेक्झिनवरून तळहात फिरवला, डोळे मिटून, अगदी त्याच्यासारखा.

आजींची एक तक्रार आहे. गाडी खड्ड्यातून गेली की खिशात काठी खडखडते, आणि त्यांना मिस्साआधी शांतता लागते. मी त्याला फोन केला. म्हणाला, "आत फेल्ट चिकटवायला हवं होतं, राहिलं. शनिवारी गाडी घेऊन या. आणि सर, पूर्ण बाह्यांचा शर्ट."