कीटो, कुस्ती आणि आमची भाकरी

गेल्या रमजान ईदनंतर आमच्या घरातून भाकरीची टोपली जवळजवळ हद्दपार झाली होती. आम्ही नवरा-बायको मिळून हे लिहीत आहोत, कारण त्या महिन्यात जे चुकलं ते आम्हा दोघांचं चुकलं.

आमचा थोरला कोल्हापुरात तालमीत कुस्ती करतो. वय १९. वजन ७४ किलोच्या आसपास, आणि त्याला ७० किलोच्या गटात उतरायचं होतं. मोबाईलवर दागेस्तानच्या पैलवानांच्या लढती बघता बघता त्याला कीटो आहार सापडला. भात, भाकरी, साखर, फळं जवळपास बंद. दिवसभरात कर्बोदकं २० ते ५० ग्रॅमच्या आत, बाकी तूप, अंडी, मटण, पनीर, बदाम. ज्वारीच्या एका बेताच्या भाकरीतच चाळीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे एक भाकरी खाल्ली की दिवसाचा हिशोब संपला!

खोटं कशाला सांगू, आम्हाला हे पटलं. आपलं मटण-अंडी खाणारं घर, त्यात अवघड ते काय? शिवाय मुलाच्या अब्बांची साखर काठावर होती, पोटही सुटलं होतं. डॉक्टरांना विचारून त्यांनीही भात-भाकरी सोडली. मुलासाठी मात्र कुणालाच विचारलं नाही. जवान पोरगा, त्याला काय होतंय, असं वाटलं.

पहिल्याच आठवड्यात मुलाचं वजन तीन किलोंनी उतरलं. आम्ही माशाअल्लाह म्हणालो, पाहुण्यारावळ्यांना कौतुकानं सांगितलं. पुढं मात्र रात्री त्याच्या पायात गोळे यायला लागले. धाकट्या बहिणीवर विनाकारण ओरडायचा. तालमीतून आला की भिंतीला टेकून बसून राहायचा. वस्तादांनी घरी निरोप धाडला, "पोरगं पहिली तीन मिनिटं वाघासारखं लढतंय. मधली अर्ध्या मिनिटाची विश्रांती झाली की हातात पकड राहत नाही."

आम्ही तरीही वजनकाट्याकडंच बघत राहिलो.

शव्वालच्या सहा रोजांपैकी एक होता. मगरिबची अजान झाली. आम्ही खजुराची ताटली त्याच्यापुढं सरकवली. त्यानं नुसत्या पाण्यानं रोजा सोडला. पाण्यानं रोजा सोडणं जायजच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो म्हणाला, "अम्मी, एका खजुरात किती साखर असते माहीत आहे का?" आणि ताटली हातानं लांब केली. लहानपणी याच खजुरासाठी भावंडांत भांडणारा मुलगा आता त्याच्याकडं भीतीनं बघत होता. त्या दिवशी आमच्याही घशाखाली घास उतरेना.

दोन दिवसांनी तालमीत दोरावर चढताना त्याला घेरी आली. जास्त उंचीवर नव्हता, अल्लाहचा शुक्र! दोघा मित्रांनी मोटारसायकलवर मध्ये बसवून घरी आणलं.

मग डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. आपण भाकरी-भात खातो त्यातली काही साखर स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठते, आणि दर ग्रॅमामागं तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवते. कर्बोदकं बंद केली की हा साठा घटतो, पाणीही जातं. पहिल्या आठवड्यातल्या तीन किलोंत चरबी थोडी आणि पाणीच जास्त होतं. लघवीवाटे मीठही जास्त जातं, त्यातून गोळे आणि घेरी. शरीर चरबीवर चालायला शिकतं, पण त्याला काही आठवडे लागतात. आणि शिकलं तरी दंगलीतल्या झटापटीला, डाव मारायला, डाव सोडवायला जी झटपट ताकद लागते, ती मुख्यतः या ग्लायकोजेनमधूनच येते.

हा आहार १९२१ च्या सुमारास फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवला गेला आणि आजही तसल्या मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात, हेही तेव्हाच कळलं.

गंमत अशी, की अब्बांना तोच आहार मानवला. वजन पाच किलोंनी कमी झालं, साखरही खाली आली. ते दिवसभर दुकानात बसतात, त्यांना कुणाची पाठ लावायची नाही. दस्तरखान एकच, पण दोन शरीरांची कामं वेगळी, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

मुलगा लगेच ऐकेना. तेव्हा त्याच्याच लाडक्या खबीब नुरमागोमेदोवचं उदाहरण अब्बांनी काढलं. २०१७ च्या मार्चमध्ये वजन उतरवताना खबीबला इस्पितळात न्यावं लागलं आणि ठरलेली लढत रद्द झाली. हे मुलाला आमच्याआधीपासून माहीत होतं. तो काही बोलला नाही, पण त्या रात्री अर्धी भाकरी मागून घेतली.

आता तालमीच्या दोन तास आधी एक भाकरी किंवा केळं, सराव झाला की दूध आणि खजूर. मटण-अंडी पूर्वीसारखीच. तळलेलं, गोड आणि रात्रीचा भात कमी केला. वजन उतरवायचंच असेल तर डॉक्टरांना आणि वस्तादांना विचारून, सावकाश.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे, असं आपण मुलांना सांगतो. आम्हीही सांगत होतो. पण वजनकाटा खाली आला की शाबासकी आम्हीच देत होतो. ज्यांची मुलं-मुली कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग करतात, त्या आईवडिलांना एवढीच विनंती, की काट्यावरचा आकडा विचारण्याआधी झोप कशी लागली, पाय दुखतात का, हे विचारा.

वस्तादांनी त्याला ७४ किलोतच उतरवलं. दोन गुणांनी हरला. पण सहाच्या सहा मिनिटं उभा राहून लढला, शेवटच्या क्षणापर्यंत पकड सुटली नाही. घरी आल्यावर बॅग कोपऱ्यात टाकली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात डोकावून म्हणाला, "अम्मी, भाकऱ्या टाक. दोन."