कानी पडेल ते ओठी

भिंतीला कान असतात, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु भिंतीला तोंड नसते, म्हणून ऐकलेले ती पोटात ठेवते. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला कानही असतात आणि तोंडही असते. शिवाय कोणासमोर काय बोलावे, हा पोक्त विचार त्याला अद्याप शिवलेला नसतो. त्यामुळे घरात बोलले गेलेले तो दारी आलेल्या पाहुण्यासमोर, मूळच्या हेलासकट, सादर करतो.

गृहभेटींच्या निमित्ताने असे बोबडे बोल आम्हांस वारंवार ऐकावयास मिळतात. वसईतील एका घरी अडीच वर्षांचे बाळराजे कानाला फणी लावून ओटीवर येरझाऱ्या घालीत होते. “हो सर, निघालोच सर, स्टेशनवर आहे सर,” असे त्यांचे चालले होते. वडील ओशाळून हसले, आम्हीही हसलो. इतक्यात आतल्या खोलीत आजीला खोकल्याची उबळ आली. बाळराजांनी फणी खाली ठेवली, कपाळावर हात मारला आणि म्हटले, “झालं हिचं सुरू!”

आईचा चेहरा उतरला. “असलं बोलायला कोणी शिकवलं रे तुला?” म्हणत तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. पोर रडू लागले. प्रश्नाचे उत्तर मात्र कोणीच दिले नाही. थोड्या वेळाने आजी भिंतीला धरून बाहेर आली, नातवाला पोटाशी घेतले आणि सुनेला म्हणाली, “मारू नकोस गं. त्याला काय कळतंय?” ‘त्याला’ या शब्दावर तिने जोर दिला नव्हता, तरी तो साऱ्यांना ऐकू गेला.

मूल पोपटपंची करते, असे आपण म्हणतो. पण या मुलाने केवळ शब्द उचलले नव्हते. खोकला ऐकू आला की कपाळावर हात मारून हे वाक्य म्हणावयाचे असते, असा नियमच त्याने शोधून काढला होता. भाषा शिकणे म्हणतात ते हेच. संत ऑगस्टिन यांनी सुमारे १६०० वर्षांपूर्वी आपल्या ‘कबुलीजबाबा’त लिहून ठेवले आहे, की मोठी माणसे एखाद्या वस्तूचे नाव घेऊन तिच्याकडे वळत, ते पाहून बालपणी आपण बोलावयास शिकलो. अमेरिकेतील बेटी हार्ट व टॉड रिस्ली यांनी ४२ कुटुंबांतील संभाषण दर महिन्याला एक तास, अशा रीतीने सुमारे अडीच वर्षे ध्वनिमुद्रित केले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानुसार, तीन वर्षांच्या मुलांच्या तोंडी आढळलेल्या शब्दांपैकी ८६ ते ९८ टक्के शब्द त्यांच्या आईवडिलांच्याही तोंडी होते. आडात असते तेच पोहऱ्यात येते.

मग मुलांसमोर बोलूच नये काय? काही घरी हा उपाय योजलेला आम्ही पाहतो. नाजूक विषय निघाला की पतिपत्नी इंग्रजीत बोलू लागतात, अथवा मुलाच्या हाती मोबाइल देऊन त्याचे कान गुंतवून ठेवतात. इंग्रजी समजण्यास मुलाला काही वर्षे लागतील. आवाजातील धार त्याला आजच समजते. आणि ज्याच्याशी कोणी बोलतच नाही, ते मूल बोलणार तरी काय?

ती सून वाईट नव्हती, हेही सांगावयास हवे. पहाटेचे पाणी, डबे, विरारची गर्दीची गाडी आणि परतल्यावर सासूच्या छातीला शेक, हे सारे तीच करीत होती. परंतु शेक मुकाट्याने दिला जात होता आणि कंटाळा मात्र मोठ्याने बोलून दाखवला जात होता. मुलाने उचलला तो कंटाळा. कारण कानी पडले ते तेवढेच.

आपल्या घरांतून हे सर्वत्र घडते. माया आपण गृहीत धरतो, त्रागा तेवढा उच्चारतो. घरच्या माणसाचे आभार मानणे आपल्याला परकेपणाचे वाटते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात परवानगी, आभार आणि क्षमा हे तीन शब्द घरात बोलले जावेत, असे आवर्जून सांगितले. आपल्या बोलीत त्यांना औपचारिक रूप देण्याची गरज नाही. “घेऊ का?”, “बरं झालं तुम्ही होता”, “चुकलं माझं”, एवढे पुरे. मराठीत म्हणा, कादोडीत म्हणा वा वाडवळीत. पण ऐकू जाईल असे म्हणा. सुनेने शेक देताना “आता बरं वाटेल हं, आई,” एवढे म्हटले, तरी फणी कानाला लावणारे ते पोर ऐकत असते.

एक सोपी परीक्षा आहे. सायंकाळी मूल एकटेच बाहुलीशी खेळत असता घटकाभर कान द्यावा. ते बाहुलीला जेवू घालते, निजवते, दटावते. ज्या शब्दांत ते तिला दटावते आणि ज्या शब्दांत तिची समजूत घालते, ते आपल्या घरचे शब्द असतात. दटावणीचे शब्द भरपूर आणि समजुतीचे थोडे निघाले, तर मुलाला काही म्हणू नये. त्याच्यासाठी नवे शब्द त्याच संध्याकाळी, त्याला ऐकू येतील असे, एकमेकांशी बोलावयास लागावे.