रिळाचे रणगाडे

शिवणाच्या दोऱ्याचं लाकडी रीळ संपत आलं की आम्ही भावंडं आईच्या मशीनभोवती घुटमळू लागायचो. शेवटचा वेढा सुटला की रीळ कुणाचं, यावर भांडण ठरलेलं. कारण त्या रिळाचा रणगाडा व्हायचा.

ज्यांनी तो केला नसेल त्यांच्यासाठी कृती सांगतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचं आडवं कापलेलं अरुंद कडं रिळाच्या भोकातून ओवायचं. एका बाजूला त्यात काडेपेटीच्या काडीचा तुकडा अडकवायचा आणि तो फिरू नये म्हणून शेजारी बारीक चुका ठोकायचा. दुसऱ्या बाजूला भोक पाडलेली मेणबत्तीची चकती, आणि तिच्याबाहेर रबरात अडकवलेली एक लांब काडी. काडी गोल फिरवून पीळ भरायचा नि रणगाडा फरशीवर सोडायचा. काडीचं लांब टोक जमिनीला टेकून अडतं, म्हणून पीळ सुटताना रीळच फिरू लागतं. मेण नसेल तर काडी लाकडाला घासून जागीच अडकते. रिळाच्या कडांना चाकूने खाचा पाडल्या की ते पुस्तकांच्या चळतीवरसुद्धा चढायचं. शर्यत वेगाची नसायचीच. उशीचा चढ कुणाचा रणगाडा पार करतो, एवढंच बघायचं.

या खेळात सगळं घर असायचं. खाचा वडील पाडून द्यायचे, कारण चाकू आमच्या हाती मिळत नसे. वीज गेल्यावर लागणाऱ्या मेणबत्त्यांची थोटकं आजी जपून ठेवायची. निकाल काका द्यायचे आणि तो कुणालाच पटायचा नाही! आजोळी गेलं की मामा ज्वारीच्या चिपाडांची बैलगाडी करून द्यायचा. वरची साल सोलून तिच्या काड्या करायच्या, आतल्या मऊ भेंडाचे तुकडे त्या काड्यांनी जोडायचे. खिळा नाही, डिंक नाही. झिजलेल्या स्लिपरची चाकं, गॅरेजमधून मागून आणलेल्या जुन्या बेअरिंगचा गाडा, असं बरंच काही होतं, पण माझा जीव रिळातच अडकलेला.

आता दोऱ्याची रिळं प्लॅस्टिकची झाली. शिवणयंत्र पुष्कळ घरांतून गेलं. मुलं रोबोटिक्सच्या क्लासला जातात, किटमधली मोटार जोडतात, रिमोटवर गाडी पळवतात. ती आमच्याहून कमी हुशार आहेत असं मला मुळीच वाटत नाही. सेन्सर लावून रेषेवरून चालणारी गाडी आम्हाला त्या वयात जमलीच नसती. खटकतं ते वेगळंच. मूल क्लासच्या आत गाडी बनवतं आणि आईवडील बाहेर गाडीत बसून वाट बघतात.

हे टाळता येतं. अमेरिकेत डॉन मर्फी यांनी १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला कब स्काउट्ससाठी, म्हणजे लहान वयाच्या स्काउट मुलांसाठी, ‘पाइनवुड डर्बी’ ही छोट्या लाकडी गाड्यांची शर्यत सुरू केली, ती मुलाने वडिलांसोबत बसून गाडी घडवावी म्हणूनच. पाइनच्या लाकडाचा ठोकळा, चार चाकं, चार खिळे, आणि वजन साधारण १४२ ग्रॅमच्या आत. तिथली मराठी मुलंही आता आपापल्या बाबांसोबत ते लाकूड तासतात. आपल्याकडे पुण्यात टेल्कोत अभियंता असलेल्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन मुलांना विज्ञान शिकवलं. पुढे ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी करून दाखवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं नि व्हिडिओ इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही. विदर्भात तान्हा पोळ्याला मुलं चाकांवरचे लाकडी बैल आजही मिरवतात, आणि ते सजवायला घरातली मोठी माणसं तितक्याच हौसेने बसतात. मला त्याचा फार आनंद वाटतो.

प्लॅस्टिकचं रीळही रणगाड्याला चालतं. खाचांऐवजी त्याच्या कडांवर रबर बँड चढवा, पकड चांगली येते. येत्या दिवाळीच्या सुट्टीत एक दुपार मोकळी काढा, मुलांबरोबर जमिनीवर बसा आणि शर्यतीत तुमचा स्वतःचा रणगाडाही उतरवा.